ब्लेंडरमध्ये पिसांचा वेलोसिरॅप्टर: पंख मिटताना पिसं विस्कटतात, कुठे चुकतंय?

कोरा_मेश

नमस्कार. ब्लेंडर ४.२ या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वेलोसिरॅप्टर मंगोलिएन्सिस या पिसांच्या डायनासोरचं मॉडेल करतो आहे. शेपटीसकट लांबी १.८ मीटर, कंबरेची उंची ५० सेंमी. अंगाचा मेश (पृष्ठभागाची जाळी) स्कल्प्ट आणि रीटोपो (जाळी नीट आखणं) करून झाला आहे, साधारण २२ हजार चौकोन. हालचालीसाठी हाडांची रिगही तयार आहे. पुढचं काम पिसांपाशी अडलंय.

१. हातावरची लांब पिसं म्हणजे साध्या पट्ट्या आहेत. खांद्यापासून बोटांपर्यंत कर्व्हवर ॲरे मॉडिफायरने (ओळीने प्रती काढणारं साधन) मांडल्या आहेत. मनगट वाकवलं की मोडलेल्या पंख्यासारख्या विस्कटतात आणि आतल्या चार-पाच थेट मांडीत घुसतात.

२. अंगावर आधी केस लावून पाहिले, तर प्राणी अस्वलासारखा दिसतो. मग जॉमेट्री नोड्सने पिसांचे इन्स्टन्स (एकाच पिसाच्या प्रती) टाकले. स्थिर चित्रात बरे वाटतात, पण चालताना प्रत्येक फ्रेमला जागा बदलतात.

३. सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये रेंडर केलं की मिटलेल्या पंखावर काळे डाग पडतात. प्रकाश वाढवूनही जात नाहीत.

शेवटी हवा आहे तो १० सेकंदांचा शॉट: प्राणी चालत येतो, थांबतो, पंख मिटतो. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं आहे.

अस्थिरेखा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये सापडणार नाही, ते हाडात आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत एकच रांग मांडलीत, मूळ चूक ती. लांब पिसांचे दोन वेगळे गट असतात आणि ते दोन वेगळ्या हाडांवर बसतात. एक गट कोपर ते मनगट, म्हणजे अल्ना या हाडावर. दुसरा पंजावर, मधल्या बोटाच्या हाडांवर. दंडावर ही लांब पिसं नसतातच, तिथे आच्छादनाची लहान पिसं येतात.

वेलोसिरॅप्टरच्या बाबतीत हा अंदाज नाही. मंगोलियात मिळालेल्या एका नमुन्याच्या (आयजीएम १००/९८१) अल्नावर ओळीने सहा बारीक उंचवटे आहेत, एकमेकांपासून सुमारे ४ मिमी अंतरावर. आजच्या पक्ष्यांमध्ये अशाच उंचवट्यांवर पिसांचे दांडे घट्ट बांधलेले असतात. २००७ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या अंतरावरून अल्नावर एकूण १४ पिसं असावीत असा हिशेब मांडला गेला. तो प्राणी सुमारे १.५ मीटर लांबीचा होता. तुमचा १.८ मीटरचा, म्हणजे १.२ पट. तेव्हा दोन मुळांमधलं अंतर ४.८ मिमी ठेवा आणि पिसं १४ लावा. पिसांची संख्या प्राण्याच्या मापाबरोबर वाढवायची नसते.

पंजावरच्या पिसांचा असा थेट पुरावा या प्रजातीत नाही. जवळच्या नातलगांवरून १० किंवा ११ लावा. नातलग म्हणून चीनच्या लिआओनिंगमधला झेनयुआनलाँग (२०१५) बघा. तोही ड्रोमिओसॉरिड, म्हणजे वेलोसिरॅप्टरच्याच कुळातला आहे, आकाराने जवळचा आणि हात आखूड असूनही पंख भरगच्च. लांब पिसांवर आच्छादनाचे थर कसे चढतात ते त्याच्यात स्वच्छ दिसतं.

आता रचना. पंख वरून पाहिला तर अंगाकडचं पीस वर आणि बोटांकडचं त्याच्या खाली, हा क्रम सगळीकडे एकच. मिटलेल्या पंखात सगळ्यात बाहेरचं पीस सगळ्यात तळाशी जातं. हा क्रम उलटा झाला तर रिग कितीही चांगली असो, मिटताना पिसं एकमेकांना कापणारच. शंका असेल तर चिकनच्या दुकानातून कोंबडीचा पिसांसकट एक पंख मागून घ्या आणि दहा वेळा उघडून-मिटून बघा. कुठल्याही चित्रापेक्षा जास्त कळेल.

आणखी तीन गोष्टी तपासा.

तळहात एकमेकांकडे तोंड करून हवेत, टाळी वाजवताना असतात तसे. जमिनीकडे वळवले तर पंखाचं पातं अंगाला समांतर राहत नाही आणि पिसं मांडीत जातात. तुमची आतली चार-पाच पिसं घुसण्याचं निम्मं कारण मला हेच वाटतं.

मनगट कडेच्या बाजूला, अल्नाच्या दिशेने वळतं, पण आजच्या पक्ष्याइतकं पूर्ण मिटत नाही. पंजा हाताला समांतर चिकटवू नका, थोडा कोन राहू द्या.

खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेला त्वचेचा पडदा असतो. अँकिऑर्निस या पिसांच्या लहान डायनासोरच्या जीवाश्मांवर लेझर टाकून केलेल्या २०१७ च्या अभ्यासात तो स्पष्ट दिसला आहे. तो नसेल तर हात शर्टाच्या बाहीसारखा दिसतो. मेशमध्ये कोपराच्या पुढे एक त्रिकोण भरून काढा, पुढचं आच्छादन त्यावरच बसवायचं आहे.

अंगाचा मेश दिसायला हव्या असलेल्या बाह्यरेषेवर स्कल्प्ट केला असेल तर तो आतच न्यावा लागेल. पिसांचा थर पाठीवर २ ते ३ सेंमी आणि मानेवर त्याहून जास्त जाड होतो. उघडं अंग सोललेल्या कोंबडीइतकं सडपातळ आणि मान बारीक हवी. नाहीतर पिसं चढल्यावर सगळं फुगलेलं दिसतं आणि दोष मात्र पिसांना लागतो.

नोडजोडणी

अस्थिरेखा यांनी सांगितलेला क्रम गृहीत धरून रिगचं लिहितो.

ॲरे काढून टाका. प्रत्येक लांब पिसाला स्वतःचं एक बोन (रिगमधलं हाड) द्या. एका बाजूला १४ + ११ = २५, म्हणजे दोन्ही मिळून फक्त ५०. अल्नावरच्या १४ बोनचा पेरेंट (ज्याच्याबरोबर ते हलतात तो) कोपर-मनगटाचा बोन, बाकी ११ चा पंजाचा बोन. दंडाला एकही नाही.

मग तीन नियंत्रक बोन करा: कोपरापाशी ‘क’, मनगटापाशी ‘म’, बोटाच्या टोकाशी ‘ट’. ‘क’चा पेरेंट कोपर-मनगटाचाच बोन, ‘ट’चा पंजा. ‘म’ची दिशा हात आणि पंजा यांच्या बरोबर मध्ये राहिली पाहिजे. त्यासाठी त्याला दोन कॉपी रोटेशन (दुसऱ्या बोनचं वळण उचलणारे कन्स्ट्रेंट) लावा, पहिला हाताचा पूर्ण १, दुसरा पंजाचा ०.५. हा मधला दुवा नसला की मनगट वळताक्षणी दोन गटांमध्ये फट पडते.

अल्नावरच्या प्रत्येक पिसाला ‘क’चं कॉपी रोटेशन १ आणि त्याच्या खाली ‘म’चं कॉपी रोटेशन टप्प्याटप्प्याने: ०, ०.०७७, ०.१५४, ०.२३१ असं १ पर्यंत (१ भागिले १३). पंजावर तसंच ‘म’ ते ‘ट’, टप्पा ०.१. आता तीन नियंत्रक फिरवले की २५ पिसं पंख्यासारखी उलगडतात.

यात तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. सगळ्या पीस-बोनांचा रोल (स्वतःच्या लांबीभोवतीचा कोन) सारखा नसेल तर मधली पिसं आडवी फिरतात. आधी सगळे निवडून शिफ्ट-एन ने रोल एकसारखा करा. दुसरं, कन्स्ट्रेंट लावताच पिसं मूळ जागेवरून उडी मारतात. तीच पोझ रेस्ट पोझ (मूळ स्थिती) म्हणून पक्की करा आणि मेश त्यानंतर बांधा, उलट क्रमाने नको. तिसरं म्हणजे थरांची जाडी. सगळी मुळं एकाच प्रतलात असतील तर मिटताना पाती एकमेकांत घुसून लुकलुकतात. बोटाच्या टोकाकडून अंगाकडे येताना प्रत्येक बोन आधीच्यापेक्षा ०.६ मिमी वर उचला आणि स्वतःच्या लांबीभोवती ४ ते ५ अंश तिरका करा. पत्त्यांचा कॅट हातात धरल्यासारखं. २५ पिसांचे मिळून १५ मिमी होतात, आच्छादनाखाली ते झाकले जातात.

पिसाचा मेश: रुंदीत २ आणि लांबीत १० खाने, म्हणजे ४० त्रिकोण. मधली रेघ किंचित वर, उथळ कौलासारखी. सपाट पट्टी कडेने पाहिली की नाहीशी होते. कौलाचा आकार दिला तर होत नाही.

आता अंगावरची पिसं. नाचण्याचं कारण असं की ‘डिस्ट्रिब्यूट पॉइंट्स ऑन फेसेस’ हा नोड पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून बिंदू टाकतो. पाय हलला, मेश ताणला, क्षेत्रफळ बदललं की बिंदूंची वाटणी नव्याने होते. वाकलेल्या मेशवर बिंदू टाकायचेच नाहीत.

या कामाला हेअर कर्व्ह बरे, फक्त ते केस म्हणून रेंडर न करता दिशादर्शक म्हणून वापरायचे. अंगाच्या मेशवर ‘एम्प्टी हेअर’ जोडा आणि ३०० च्या आसपास गाइड कर्व्ह लावून विंचरा. पिसांची दिशा नाकाकडून शेपटीकडे, पोटावर खाली-मागे, मांडीवर खाली. ‘इंटरपोलेट हेअर कर्व्ह्ज’ने ते ७-८ हजार करा आणि त्यातला रेस्ट पोझिशनचा पर्याय चालू ठेवा. त्यासाठी अंगाच्या मेशच्या शेप कीज पॅनेलमध्ये ‘ॲड रेस्ट पोझिशन’वर टिक हवी. मॉडिफायरचा क्रम असा: आधी इंटरपोलेट, मग सरफेस डिफॉर्म (कर्व्हना वाकलेल्या मेशबरोबर नेणारा), सगळ्यात शेवटी तुमचा इन्स्टन्सचा नोडगट. सरफेस डिफॉर्म आधी आला तर पुन्हा तोच नाच.

अंगाच्या मेशचा यूव्ही (पृष्ठभागाचा उलगडलेला सपाट नकाशा) एकमेकांवर चढलेला नको. डावी-उजवी बाजू एकाच यूव्हीवर ठेवण्याची सवय इथे नडते. कर्व्ह कुठल्या बाजूचा हे ठरत नाही आणि तो भलत्याच ठिकाणी जातो. या कामापुरता दुसरा, न चढलेला यूव्ही मॅप करा.

इन्स्टन्स वळवताना ‘अलाइन रोटेशन टू व्हेक्टर’ दोनदा. आधी वाय अक्ष कर्व्हच्या दिशेला, मग झेड अक्ष पृष्ठभागाच्या नॉर्मलला (काटकोनातल्या दिशेला), आणि दुसऱ्यात पिव्हट वाय. पिव्हट ऑटोवर राहिला तर दुसरा नोड पहिल्याचं काम पुसतो. पिसाची लांबी कर्व्हच्या लांबीवरून घ्या: डोक्यावर ६ ते १० मिमी, मानेवर १५ ते २५, पाठीवर ३५ ते ४०. दोन ओळींमधलं अंतर पिसाच्या लांबीच्या एक तृतीयांश. त्याहून विरळ केलं की माशाचे खवले वाटतात.

मेमरीची काळजी नको, ‘रिअलाइझ इन्स्टन्सेस’ (प्रत्येक प्रत स्वतंत्र मेश करणारा नोड) लावू नका एवढंच पाळा. एकेका पिसाला ४,००० त्रिकोण देऊन ते लावलं तर ८,००० पिसांचे ३ कोटी २० लाख होतात. इन्स्टन्स राहिले तर मेमरीत चार-पाच प्रकारची पिसंच असतात.

काचपट्टी

काळ्या डागांचं कारण प्रकाश नाहीच. सायकल्समध्ये लाइट पाथ्सखाली ‘ट्रान्सपरंट’ बाउन्सेस मुळात ८ असतात. मिटलेल्या पंखात किरण एकामागोमाग १२-१५ पट्ट्यांच्या पारदर्शक भागातून जातो. आठ संपले की तो थांबतो आणि काळा परत येतो. ३२ करा, डाग जातील.

पण तेवढ्यावर थांबू नका, रेंडर मंदावेल. पट्टीचा मेश पिसाच्या आकाराला जवळून कापा, रिकामी पारदर्शक जागा दहाव्या हिश्श्याहून कमी राहू द्या. आयताच्या चार कोपऱ्यांतली रिकामी जागाच किरण खात असते.

टेक्स्चरसाठी खरी पिसं स्कॅन करा. गावठी कोंबड्याची पंख, पाठ, मान अशी निवडून सहा-आठ पुरतात. सौम्य साबणाने धुवा आणि ड्रायरने मुळापासून टोकाकडे वाळवा म्हणजे तंतू पुन्हा जुळतात. रानपक्ष्यांची पिसं नकोत, तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो.

पीस काचेवर फक्त दांड्यापाशी चिकटपट्टीने लावा. ६०० डीपीआयला एक स्कॅन मागे काळा कागद ठेवून, दुसरा पीस न हलवता पांढरा कागद ठेवून. स्कॅनरची आपोआप रंगसुधारणा दोन्ही वेळा बंद. मग अल्फा (चित्राचा कुठला भाग किती अपारदर्शक ते) = १ − (पांढऱ्यावरचं चित्र − काळ्यावरचं चित्र). हाताने मास्क कापून तळाची लव कधीच नीट येत नाही, या वजाबाकीत एकेक तंतू येतो. १२ सेंमीचं पीस साधारण २,८०० पिक्सेल भरतं, २०४८ पिक्सेलच्या ॲटलससाठी (सगळी पिसं एकत्र मांडलेलं चित्र) भरपूर. रंग काळ्या कागदावरच्या स्कॅनमधून घ्या आणि कडेबाहेर १६ पिक्सेल पसरवा, नाहीतर लांबून पाहताना प्रत्येक पिसाला नको असलेली किनार दिसते.

कोरा_मेश

तिघांचेही आभार. तळहात खरोखरच जमिनीकडे होते. ते आत वळवल्यावर पाचपैकी तीन पिसं मांडीतून बाहेर आली. बाउन्सेस ३२ केल्यावर डागही गेले. अल्नावर १४ बोन लावून झाले, पंजाचे चालू आहेत.

अजून दोन शंका. शेपटीला १६ बोन दिलेत आणि ती सापासारखी वळते, हे चुकीचं दिसतंय. आणि रंग कोणता? मोरासारखी चमक द्यावी का?

अस्थिरेखा

शेपटी चुकीचीच दिसणार. साधारण दहाव्या मणक्यापासून मागे प्रत्येक मणक्यातून हाडाच्या लांब काड्या पुढे निघतात आणि चार ते दहा मणक्यांवरून जातात. त्यामुळे शेपटी वर-खाली जवळपास वाकत नाही. बुडाशी चार-पाच बोन मोकळे ठेवा, सगळी वर-खाली हालचाल तिथेच. तिथून टोकापर्यंत चार बोन पुरे, वर-खाली प्रत्येकी २-३ अंशांची मर्यादा. कडेला मात्र जरा सैल सोडा. एका नमुन्यात शेपटी आडवी, इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली मिळाली आहे, म्हणजे ती लोखंडी सळई नव्हती. पिसं शेपटीच्या दोन्ही कडांना जोडीजोडीने लावा, टोकाकडे लांब. टोकाला पंख्यासारखा झुपका एकदम लावू नका.

पायाकडेही बघा. वजन तिसऱ्या आणि चौथ्या बोटावर असतं. दुसरं बोट, ज्याला बाहेरच्या वळणावर साडेसहा सेंमीची नखी आहे, ते चालताना वर उचललेलं.

रंगाबाबत सरळ सांगतो, वेलोसिरॅप्टरचा रंग सांगणारा पुरावा नाही. १९२३ मध्ये पहिला नमुना गोबीच्या वाळवंटात मिळाला, १९२४ मध्ये नाव दिलं गेलं. तिथल्या वाळूच्या खडकात हाडं उत्तम टिकतात, पिसं नाहीत. रंग कळतो तो लिआओनिंगच्या बारीक गाळातल्या पिसांवरून, त्यांतल्या रंगकणांच्या आकारावरून. अँकिऑर्निसचं करडं-काळं अंग आणि पंखांवरचे पांढरे पट्टे (२०१०), मायक्रोरॅप्टर या लहान ड्रोमिओसॉरिडची काळी चमक (२०१२), ही त्या त्या प्रजातीची माहिती आहे. ती वेलोसिरॅप्टरवर चढवली तर सुंदर दिसेल, पण पुरावा दुसऱ्या प्राण्याचा असेल. तेव्हाही तो भाग कोरडाच होता, वाळूच्या टेकड्यांचा. त्यामुळे पाठ वाळूसारखी तपकिरी, पोट फिकट, पंखांवर गडद आडवे पट्टे असं काही मला पटतं. तो अंदाज आहे आणि मॉडेलच्या माहितीत तसं लिहा.

नोडजोडणी

कधी मायक्रोरॅप्टर केलात तर चमक रंगाच्या टेक्स्चरमध्ये रंगवू नका. ४.२ पासून प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये (पृष्ठभागाचं नेहमीचं मटेरियल) थिन फिल्म, म्हणजे पातळ थराची चमक आहे, जाडी नॅनोमीटरमध्ये द्यायची. मूळ रंग जवळपास काळा, जाडी ३०० ते ४०० च्या दरम्यान फिरवून बघा. तो परिणाम पाहण्याच्या कोनाप्रमाणे बदलतो, रंगवलेली चमक बदलत नाही. हे सायकल्समध्ये चालतं.

राळ_थर

हेच मॉडेल पुढे कोणी रेझिनमध्ये छापणार असेल तर वरची पद्धत तशीच चालणार नाही. पट्ट्यांना जाडी नसते आणि प्रिंटरला अल्फा कळत नाही.

१:६ मापात १.८ मीटरचे ३० सेंमी होतात. दोन पिसांमधलं ४.८ मिमीचं अंतर ०.८ मिमीवर येतं. म्हणजे मुळाशी सुटी पिसं शक्यच नाहीत, एवढ्या पातळ भिंती सपोर्ट काढतानाच तुटतात. मुळापासून दोन तृतीयांश लांबीपर्यंत पंख एकसंध ठेवा, फक्त टोकं सुटी करा, आणि टोकाचीही जाडी ०.८ मिमीच्या खाली नको. पिसांमधल्या रेघा किमान ०.३ मिमी खोल. ०.१५ ची रेघ स्क्रीनवर छान दिसते आणि प्रायमरच्या पहिल्या हातात बुजते.

अंगावरची हजारो पिसं इथे नकोत. ती स्कल्प्टमध्ये झुपक्यांनी काढा, प्रत्येक झुपका ३-४ मिमी रुंद. पंख, शेपटी, पाय वेगळे भाग करून एकेकाचं वॉक्सेल रिमेश (जाळी सारख्या मापाने नव्याने बनवणं) ०.२ मिमीला करा. पूर्ण ३० सेंमीचं एकदम केलं तर मशीन अडकून बसतं. धड पोकळ, भिंत २.५ मिमी, तळाला ३ मिमीची दोन छिद्रं, म्हणजे आत कच्चं रेझिन राहून महिन्याभरात तडा जाणार नाही. शेपटीत १.५ मिमी स्टीलची तार घालण्याइतकी नळी ठेवा. एवढी लांब, सरळ शेपटी नुसत्या रेझिनची असेल तर स्वतःच्या वजनाने वाकते.

माळरान

एक उपप्रश्न. नर्मदेकाठच्या राजासॉरस या डायनासोरचं मॉडेल करायचं आहे. त्यालाही पिसं लावावीत का?

अस्थिरेखा

नको. २००३ मध्ये नाव मिळालेला राजासॉरस अबेलिसॉरिड कुळातला आहे, ड्रोमिओसॉरिड नाही. त्याच कुळातल्या अर्जेंटिनातल्या कार्नोटॉरसच्या त्वचेचे ठसे मिळाले आहेत आणि त्यांत खवले आहेत, पिसं नाहीत. तिथे खवल्यांवरच मेहनत घ्या: लहान, बहुकोनी, आणि मधून मधून मोठे उंचवटे विखुरलेले. हे उंचवटे डिस्प्लेसमेंट मॅपमधून (उंच-सखलपणाचं चित्र) न आणता मेशमध्येच काढा, बाह्यरेषेवर ते दिसायला हवेत.

कोरा_मेश

पंजाचे ११ बोन झाले. ‘म’ला ०.५ देऊनही मनगटाजवळ बोटभर फट राहते आहे, पंजा पूर्ण वळवला की.

नोडजोडणी

‘म’चा पेरेंट कोण आहे ते बघा. तो खांद्याच्या किंवा रूट बोनला असेल तर दिशा बरोबर येते, पण जागा मागे राहते. पेरेंट कोपर-मनगटाचा बोन करा आणि ‘म’चं मूळ मनगटाच्या सांध्यावर अचूक ठेवा. तरी थोडी फट राहिलीच तर पंजावरचं पहिलं पीस १० टक्के रुंद करा आणि वरून आच्छादनाची दोन पिसं त्या सांध्यावर आडवी टाका. ती दोन्ही ‘म’ला बांधा, हाताला किंवा पंजाला नको.

कोरा_मेश

रूटलाच होता. बदलला, फट गेली.